तीन फेऱ्यांचे मेश्राम काका

मेश्राम काका पहिल्यांदा आमच्याकडे वर्गणी मागायला आले तेव्हा मी पाचशेची नोट पुढे केली आणि त्यांनी ती घेतली नाही.

"आज नाही, ताई. आज फक्त सांगाले आलो."

रविवारची सकाळ होती. गॅसवर वरणाचा कुकर, हातात पोळ्यांची कणीक. वर्गणीवाल्याला दारातूनच वाटेला लावायचं म्हणून मी नोट तयार ठेवली होती. पण काकांनी चपला काढल्या, त्या भिंतीशी नीट जोडून ठेवल्या, आत येऊन खुर्चीत बसले आणि चाळीस मिनिटं बोलले. जुन्या शहरातली एक बावली, म्हणजे पायऱ्यांची विहीर, भोसल्यांच्या काळातली. कचऱ्यानं बुजली आहे, ती साफ करायची आहे. एवढीच गोष्ट, पण ती त्यांनी पायरीपायरीनं सांगितली. मी दोनदा उठून गॅस बारीक केला. शेवटी ते उभे राहिले तेव्हा मी पुन्हा नोट काढली.

"पुढच्या रविवारी येतो न. तोवर विचार करा."

"आणि नाही द्यावंसं वाटलं तर?"

"तरी येतो. नाही ऐकाले बी कोणीतरी आलं पाहिजे."

तर अशी ही पद्धत. पहिली फेरी सांगायची, दुसरी घ्यायची, तिसरी दाखवायची. तिसरीत ते तुमच्या पैशाचं काय झालं ते घरी आणून दाखवत. काका रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर होते, तिथूनच रिटायर झाले. या फेऱ्यांचं कारणही ते तिथलंच सांगत. "वॅगन आली का पाह्याची, दुरुस्त करताना पाह्याची, अन् लायनीवर फिरून परत आली का मंग पाह्याची. तिसऱ्यांदा नाही पाह्यलं त दुरुस्त झाली असं काहून म्हणता?"

सत्तरीचे, उंच, काटकुळे. पांढरा अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशाला दोन पेनं, सायकलच्या हँडलला रेक्झिनची पिशवी. उन्हाळ्यात डोक्याला गमछा असा गुंडाळत की फक्त चष्मा दिसे. रायपुरात, तेलीबांध्याच्या आमच्या आठ मजली सोसायटीत त्यांची दहशत होती. गेटवरचा गार्ड इंटरकॉमवर सांगायचा, "मैडम, तीन राउंड वाले अंकल आए हैं," की मजल्यामजल्यावर टीव्ही बंद व्हायचे. एकदा आमच्या समोरच्या फ्लॅटमधले लोक दिवे मालवून गप्प बसले. काका बाहेरून शांतपणे म्हणाले, "आप आराम से आइए. कूलर चल रहा है, मैं सुन रहा हूँ." मग जिन्याच्या पायरीवर बसून राहिले. त्या लोकांना पंधरा मिनिटांनी दूध आणायला बाहेर पडावंच लागलं.

मोबाईलवरून पैसे पाठवायची सोय त्यांनी ठेवली नव्हती. माझी मुलगी रेवा, जिला मराठी समजतं पण जी उत्तर हिंदीतच देते, तिनं त्यांना बजावलं, "काका, क्यूआर कोड बनवा लो. घर बैठे आ जाएगा."

"घरी बसूनच पैसे आले त मी तिसऱ्या फेरीले कोणाकडे जाऊ?"

"फोन पे बता देना."

"फोनवर गाळ कसा दाखवू, बेटा?"

आणि खरंच तिसऱ्या फेरीला ते गाळ घेऊन आले. लोणच्याची रिकामी बाटली, तिच्यात काळा चिखल. बाटलीवर आमच्या फ्लॅटचा नंबर. "तुमच्या पैशात असे साडेतीन टोपले निघाले. हा नमुना." त्या महिन्यात सोसायटीत घरोघरी गाळाच्या बाटल्या झाल्या. फेकायची कोणाची हिंमत होईना, कारण काका पुन्हा आले तर विचारतील अशी भीती. पुढच्या वेळी ते डब्यात चुन्याचा गोळा घेऊन आले. जुन्या पद्धतीचा चुना, गूळ, बेलफळ आणि उडीद घालून मळलेला. माझे यजमान सिलतऱ्याहून, स्टील प्लांटमधून दमून आलेले. डबा उघडा, गुळाचा वास, त्यांनी लाडू म्हणून उचललाच होता. काकांनी त्यांचा हात धरला. "साहेब, हा बावलीच्या भिंतीचा घास होय."

त्या पहिल्या रविवारी त्यांनी मला एक प्रश्न मात्र विचारला होता. माझं माहेर कुठलं. मी म्हटलं, त्याच गल्लीतलं, बावलीच्या समोरच आमचं घर होतं. त्यांनी माहेरचं आडनाव विचारलं. मी सांगितलं. त्यांनी चष्मा काढून पुसला, आणि ते म्हणाले, "तर मी काय सांगत होतो, चौथ्या पायरीपाशी एक कोनाडा आहे." मला त्यात काही वाटलं नाही. उलट महिन्याभरात त्यांनी मला बावलीच्या कमिटीत ओढलं, तेव्हा माहेरामुळेच ओढलं असेल असं मी धरून चालले. मी लहान असताना ती बावली म्हणजे आमचा उकिरडा होता. आम्ही आंब्याच्या कोयी त्यात फेकायचो आणि खालून आवाज किती वेळानं येतो ते मोजायचो. पुढे तर आवाजही येईनासा झाला.

कमिटीचे अध्यक्ष गोल बाजारातले एक कापडवाले शेठजी होते. माणूस वाईट नव्हता. दुकानाच्या माडीवर, कापडाच्या गठ्ठ्यांवर बसून आमच्या बैठका व्हायच्या आणि चहा भरपूर मिळायचा. दोन वर्षांत अर्ध्या पायऱ्या मोकळ्या झाल्या. काम चांगलं चाललं होतं.

मग सीमेवर लढाई सुरू झाली.

तुम्हालाही ते दिवस आठवत असतील. सगळ्यांचे डोळे टीव्हीला चिकटलेले. रायपूर सीमेपासून केवढं दूर, तरी आमच्या सोसायटीतल्या बायकांनी तांदूळ भरून ठेवले. शेठजींनी तातडीनं बैठक बोलावली. "अभी बावली-वावली छोड़ो," ते म्हणाले. "पूरा फंड जवानों के लिए. कल ही भेज देते हैं." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या. मोठा चेक बनवायचा, पेपरात फोटो द्यायचा, इथपर्यंत ठरलं. तेव्हा काका गठ्ठ्यावरून उठले.

"देना चाहिए," ते म्हणाले. "लेकिन पूछ के."

"किससे पूछ के?"

"जिसने दिया, उससे. उसने बावली के लिए दिया था."

"अरे मेश्रामजी, देश के काम को कौन मना करेगा?"

"कोई नहीं करेगा. तो फिर पूछने में क्या हर्ज है?"

मागून कोणीतरी म्हणालं, "इनको देश से मतलब नहीं, बावली से है." काकांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. मग हिंदी सोडून माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, जणू बाकीचे तिथं नव्हतेच, "सैनिकाले न विचारता उचललेले पैसे काहून द्याचे, ताई? त्याले कमीपणा नाही का तो?"

मी काही बोलले नाही. मला भीती वाटली, की त्यांच्या बाजूनं बोलले तर ते वाक्य माझ्याही अंगाला चिकटेल. शेवटी शेठजींनीच आठ दिवस दिले.

वैशाखातलं ऊन. काका सायकलवर घरोघरी निघाले. लोक वैतागले. ज्यांनी तीन फेऱ्या सोसल्या त्यांच्याकडे हा माणूस चौथ्यांदा हजर. "अंकल, ले लो ना, पूछना क्या है," असं दारातूनच सांगत. काका म्हणत, "ऐसे नहीं. बैठ के बोलिए." एका डॉक्टरनं त्यांना सांगितलं, की मी बावलीसाठी किती दिले ते मलाच आठवत नाही. काकांना आठवत होतं. मी दोन संध्याकाळी त्यांच्याबरोबर फिरले. बहुतेकांनी होकार दिला. एका म्हाताऱ्या मास्तरांनी अर्धे-अर्धे करा म्हटलं. आणि जुन्या शहरातल्या एका बाईंनी चक्क नाही म्हटलं.

त्यांचं नाव चंद्रिका. ब्लाउज शिवायच्या. मुलगा फौजेत, तेव्हा सीमेवरच. तीन दिवस त्याचा फोन लागत नव्हता. काकांनी बिचकतच विचारलं. बाईंनी शिवणयंत्राचं चाक हातानं थांबवलं.

"बावली के पइसा बावली म लगावव, भैया," त्या छत्तीसगढीत म्हणाल्या. "मोर बेटा आही त देखही."

बावलीचे पैसे बावलीलाच लावा, माझा मुलगा येईल तेव्हा बघेल. जवानांसाठी त्या वेगळं देणार होत्या. मुलगा येईल तेव्हा बघेल, हे त्या दोनदा म्हणाल्या.

काकांनी मान हलवली. मग उठायचं सोडून तिथंच बसून राहिले. बोलले काही नाहीत, चाळीस मिनिटं बोलणारा माणूस. बाईंनी यंत्र पुन्हा सुरू केलं. मी घरी निघून आले, मला स्वयंपाक होता. दुसऱ्या दिवसापासून काका सकाळी आधी चंद्रिका दीदींकडे जात आणि संध्याकाळी फेरी संपली की पुन्हा तिथेच. कधी भाजी घेऊन, कधी नुसतेच. सहाव्या दिवशी फोन आला तेव्हा ते तिथं होते. दीदींनी रडत रडत फोन त्यांच्या हातात दिला, बोला म्हणून. "खाना खाया, बेटा?" त्यांनी विचारलं. तिकडून काहीतरी उत्तर आलं. काका म्हणाले, "अच्छा. खाना खाया?"

मधेच लढाई थांबली. टीव्हीवर क्रिकेट परत आलं. शेठजींनी निरोप पाठवला, की मेश्रामजी, आता विचारायचं राहू द्या. काका म्हणाले, निम्मी घरं राहिली आहेत. आणि फिरत राहिले. आमच्याच सोसायटीच्या गेटवर, भर दुपारी, सायकल स्टँडला लावता लावता ते खाली बसले ते उठलेच नाहीत. गार्डनं मला फोन केला. मी आणि रेवा त्यांना घेऊन दवाखान्यात गेलो. लू लागली होती. दोन दिवस सलाईन लावलं. शुद्धीवर येताच म्हणाले, "बी ब्लॉक राहिला न, ताई." मग गडबडून विचारलं, "घरी कोणी सांगितलं का?"

घरी कोण आहे हे मला माहीतच नव्हतं. काकू पूर्वीच गेल्या, मूलबाळ नाही, एवढं ऐकून होते. दोन वर्षांत ते आमच्याकडे किती वेळा आले असतील. मी त्यांच्याकडे एकदाही गेले नव्हते.

दवाखान्यानं त्यांना घरी सोडल्यावर दुसऱ्या दिवशी डाळिंबं घेऊन गेले. रेल्वे लायनीलगतच्या वस्तीत दोन खोल्यांचं घर. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, कोपऱ्यात आमच्या बावलीच्या चुन्याचे डबे. काका आतल्या खोलीत झोपले होते. बाहेरच्या खोलीत खिडकीजवळ बाजेवर एक म्हातारी बसली होती. ऐंशीच्या पुढची, दृष्टी गेलेली. ही त्यांची मोठी बहीण, ते तिला बाईच म्हणत. काका तीन-चार वर्षांचे असल्यापासून तिनंच त्यांना सांभाळलं, आणि आता ते तिला सांभाळत होते. शेजारीण मला दारात सांगून गेली, की बाई कधी आजच्यात असते, कधी फार मागे असते.

"कोण होय?" बाईनं विचारलं.

मी नाव सांगितलं. तिला कळलं नाही. मी माहेरचं आडनाव सांगितलं, जुन्या शहरातलं घर सांगितलं.

"बावलीच्या समोरच्या?"

"हो."

ती जरा सरकून बसली. लोखंडी पेटीकडे हात केला, बस म्हणून.

"उन्हाळ्यात आमच्या वस्तीतली विहीर आटे," ती सांगू लागली. आवाज साधा, कालच घडलंय असा. "मंग आई अन् मी तुमच्या तिकडे जावो. हा आईच्या कडेवर. कठड्याच्या बाहेर उभं राह्याचं. खालून बाया पाणी घेऊन वर येत. कोणाच्या मनात आलं त वरून ओतून दे. नाही त बसा. तुमच्याकडची एक होती, हिरव्या लुगड्याची. ती आली का बरं वाटे. आमचा हंडा भरल्याशिवाय ती घरी नाही जाये."

माझी आजी हिरवं लुगडं नेसायची. खोटं का सांगू, मला आधी बरं वाटलं. आपल्या माणसाचं चांगलं नाव निघालं म्हणून.

"एकडाव हा आत गेला," बाई म्हणाली. "कडेवरून खाली ठेवला होता. तहान लागली त पायऱ्या उतरत गेला. तेवढासा पोट्टा. पाण्यात हात घातला त्यानं."

"मग?"

"मंग काय. पाणी बाटलं म्हणून आरडाओरडा. आईले मारलं लोकायनं. हंडा फोडला. मी याले उचलून पळाली."

मला विचारायचं नव्हतं, पण विचारलं. "ती हिरव्या लुगड्याची होती तेव्हा?"

"होती न."

"तिनं मारलं?"

"नाही बापा. तिनं काही नाही केलं. घागर घेऊन उभी होती. मंग घरी निघून गेली."

बाहेरून मालगाडी चालली होती. ती जाईपर्यंत बोलणं शक्य नव्हतं, त्याचं मला बरंच वाटलं. कापडाच्या माडीवर मीही काही केलं नव्हतं, हे मला त्या पेटीवर बसल्या बसल्या आठवलं. बाई म्हणाली, "आई त्यानंतर फार नाही जगली. माराच्यानं नाही, तापानं गेली. पण याले वाटते, आपल्यापायी गेली." आणि मग एकाएकी तिनं मला विचारलं, "तुमच्याकडे पाणी आहे का यंदा?"

मी म्हटलं, आहे.

आतून काकांची हाक आली. मी गेले. त्यांनी सगळं ऐकलं होतं. उठून बसायला लागले तर मी त्यांना पडूनच राहायला सांगितलं.

"काका, मी कोणाची ते तुम्हाला पहिल्या दिवशीच कळलं होतं?"

"आडनाव सांगितलं तेव्हाच."

"मग काही बोलला नाहीत."

"तुमाले काय बोलाचं, ताई. तुम्ही त जन्मल्या बी नव्हत्या."

"आणि त्याच बावलीसाठी का? काहून?"

"आमच्या वस्तीतले बी हेच विचारते," ते म्हणाले. "बौद्ध विहारात त पोट्टे माह्याशी भांडले. म्हणे, जिनं आपल्याले पाणी नाही देल्लं तिच्यासाठी झोळी काहून फिरवून राहिला. मी म्हटलं, विहिरीनं काय केलं? विहिरीले हात होते का?" मग छताकडे पाहत म्हणाले, "मले त्यातलं काहीच आठवत नाही, ताई. पाणी गार होतं का, तेबी नाही. आईचा चेहरा बी नाही. बाईले सगळं आठवते. मले वाटते, एकदा पाह्यलं पाहिजे."

बरे झाल्यावर त्यांनी बी ब्लॉक पुरा केला. ज्यांनी हो म्हटलं त्यांचे पैसे जवानांसाठी गेले. मोठ्या चेकचा फोटो पेपरात आला, त्यात काका नाहीत. त्यांनी सोबत एक पत्र पाठवलं होतं, कोणत्या कोणत्या गल्लीतल्या लोकांनी विचार करून हे दिलं आहे ते लिहून. पत्राचं उत्तर आलं नाही. ते महिनाभर पोस्टमनला विचारत राहिले, आणि चंद्रिका दीदींचा मुलगा रजेवर आला तेव्हा त्यालाही विचारलं, की तुमच्याकडे पोहोचलं का काही. त्या पोरानं समजूतदारपणे सांगितलं, "पहुँचा, अंकल. सब पहुँचा."

बावलीसाठी उरलं ते फारच थोडं. काम थांबलं. लोकांचाही उत्साह गेला होता. काका पुन्हा पहिल्यापासून निघाले. पण त्या हिवाळ्यात एक गोष्ट माझ्या लक्षात आली. ते माझ्याकडे आले, बसले नाहीत, चपला काढल्या नाहीत. दारातूनच म्हणाले, "आत्ता द्या न ताई, जमत असेल त."

मी पैसे आणले. त्यांनी घेतले आणि वळले. मी म्हटलं, "काका, बाई कशी आहे?"

"जेवत नाही आता," ते म्हणाले. लिफ्टची वाट न पाहता जिन्यानं उतरून गेले.

सोसायटीत लोकांना बरं वाटलं. म्हातारा सुधारला, एका फेरीत मोकळं करतो, असं म्हणू लागले. मी कोणाला काही सांगितलं नाही. शेठजींना मात्र बाईचं सगळं सांगितलं. तेवढं धैर्य मी आणलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, गठ्ठ्यावरची सुतळी बोटाला गुंडाळत राहिले, आणि दुसऱ्या दिवशी ठेकेदाराला स्वतःच्या खिशातून आगाऊ पैसे देऊन काम सुरू केलं. काकांना कळू देऊ नका म्हणाले.

उन्हाळ्याच्या तोंडाशी गाळ संपला. तळाशी झरा मोकळा झाला आणि आठ दिवसांत पाणी तीन पायऱ्या चढलं. उद्घाटनाला मांडव, भोंगा, हार. चंद्रिका दीदी आल्या होत्या. आमच्या गल्लीतले म्हातारे खुर्च्यांवर बसले होते. त्यांच्यातल्या कोणाला काय आठवत होतं कोण जाणे. सत्कारासाठी भोंग्यावरून नाव पुकारलं, "श्री सुखराम मेश्राम." सुखदेवचं सुखराम झालं होतं. कोणी पुढे आलं नाही. मी कठड्यापाशी जाऊन खाली पाहिलं.

काका शेवटच्या पायरीवर उकिडवे बसले होते. शर्टाची बाही भिजलेली. एका हातात पितळी कळशी, दुसरा हात पाण्यात, मनगटापर्यंत. तो हात ते हलवत नव्हते. नुसता ठेवला होता.

वर आले तेव्हा त्यांना धाप लागली होती. ठेकेदार म्हणाला, "चाचा, पीना मत, अभी जाँच नहीं हुई." काका म्हणाले, "पीने के लिए नहीं है." मग मला म्हणाले, "ताई, गाडी आणली का? सायकलवर सांडते."

मी त्यांना घेऊन निघाले. कळशी त्यांनी मांडीवर धरली होती. खड्डा आला की दोन्ही हात तिच्या तोंडावर ठेवत.

बाई बाजेवर पडून होती. फार वाळली होती. काकांनी तिला पाठीला उशी देऊन बसवलं आणि कळशी तिच्या पुढ्यात ठेवली.

"बाई, पाणी आणलं. बावलीचं."

त्यांनी तिचा हात धरून पाण्यात बुडवला. तिची बोटं आधी आखडली, मग सुटली. बाई ती पाण्यात हळूहळू फिरवत राहिली.

"गार आहे," ती म्हणाली.

"हो न."

"कोणं ओतलं?"

"कोणी नाही, बाई. मीच काढलं. खाली उतरून."

तिचा हात थांबला. मला वाटलं, आता ती हसेल. तिनं हात झटकन बाहेर काढला आणि चाचपत काकांचा शर्ट पकडला.

"सुक्या, शिवला तू? पाण्याले शिवला?" तिचा आवाज एकदम दबका झाला. "कोणी पाह्यलं का?"

मी सांगणार होते, की बाई, सगळ्या गावानं पाहिलं, भोंगा लावला होता, हार होते. माझं तोंड उघडलंही होतं. काकांनी माझ्याकडे न बघता हात वर केला, तशी मी थांबले.

"झाक ते," बाई म्हणाली. "झाक लवकर. आईले मारतीन."

काकांनी गळ्यातला गमछा काढला. त्याची घडी उलगडून कळशीच्या तोंडावर पसरली आणि कडा नीट खाली दाबल्या.

"झाकलं, बाई."

"कोणी नाही न पाह्यलं?"

"नाही. कोणी नाही पाह्यलं."

तिनं त्यांचा शर्ट सोडला नाही, पण श्वास सोडला. काका तिच्या उशाशी तसेच वाकून बसले, एक हात तिच्या केसांवर. जरा वेळानं त्यांनी मान वळवून मला दाराची खूण केली. रस्त्यावर माणसं येत-जात होती. मी उठले, दार आतून लोटलं आणि पेटीवर येऊन बसले.